कॅसेटमधून बाबांचा आवाज काढताना

व्हिडिओ मिक्सिंगच्या कामात मी सगळ्यात आधी शिकले ते आवाज काढून टाकायला.

पुलगावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो निघायचे, मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता. बी.कॉम. झाल्यावर वर्षभर मी घरीच होते. कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा एक कोर्स केलेला होता, तेवढ्यावर स्टुडिओच्या मालकांनी मला ठेवून घेतलं. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी एका लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली आणि पडद्यावरच्या दोन पट्ट्या दाखवल्या. वरची निळी, ती चित्राची. खालची हिरवी, ती आवाजाची. दोन्ही एकमेकींना जोडलेल्या असतात. वरची ओढली की खालचीही सरकते. दादांनी माऊसचं उजवं बटण दाबून दोघींना सोडवलं, हिरवी पट्टी निवडली आणि उडवून टाकली. नवरदेव घोड्यावर बसून तसाच हलत राहिला, पण बँड एकदम गप्प झाला.

"झालं," दादा म्हणाले. "आता याच्याखाली गाणं टाकाचं. लग्नाचा ओरिजनल आवाज कोणालेच नाई लागत, ताई."

खरंच कोणालाच लागत नसे. त्या आवाजात असायचं तरी काय? जनरेटरची धडधड, माईकची शिटी, मांडवातल्या पोरांचं रडणं, 'आहेर इकडं द्या हो' म्हणून ओरडणारा कुणी काका, आणि कॅमेऱ्याजवळच उभं राहून कुणाच्या तरी साडीला नावं ठेवणाऱ्या दोन बाया. गिऱ्हाईक येताना गाण्यांची यादीच घेऊन यायचं. हळदीला हे, वरातीला ते, पाठवणीला रडू येईल असं काहीतरी. पाठवणीत मुलगी खरोखर रडत असायची, आईच्या गळ्यात पडून काहीबाही बोलत असायची. ते मी काढायचे आणि त्या जागी सिनेमातल्या बाईचं रडवं गाणं घालायचे. चार वर्षं मी हे काम केलं. पुढे पुढे तर मी काढण्याआधी ऐकतही नसे. कॅसेट उतरवली की आधी सगळ्या हिरव्या पट्ट्या साफ करायच्या, मग निवांत चित्रं कापत बसायचं, अशी सवयच लागून गेली.

माझ्या बाबांचं बाजारओळीत भांड्यांचं दुकान होतं. पण गावात त्यांची ओळख दुकानापेक्षा आवाजाची जास्त. नात्यातलं, ओळखीतलं, ओळखीच्याही ओळखीतलं लग्न असलं की मंगलाष्टकं म्हणायला बाबांना बोलावणं यायचं. पुलगाव, नाचणगाव, देवळी, कधी आर्वीपर्यंत. दोनतीन अष्टकं पाठ असायची, आणि एक ते त्या लग्नापुरतं नवीन बांधायचे. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायचे. त्यात नवरा-नवरीचं नाव, दोन्हीकडच्या आईबापांचं नाव, गावाचं नाव, सगळं चालीत बसलं पाहिजे. एखादं नाव बसेना की दिवसभर दुकानात तेच गुणगुणत. कढई घ्यायला आलेल्या बाईला कढई दाखवता दाखवता मधेच थांबायचे आणि बोटावर अक्षरं मोजायचे. आई म्हणायची, "लोकाईच्या पोरीचं नाव घेऊन घेऊन यायचा जीव नाई थकत. मले हाक माराची म्हटलं तं नुसतं 'ओ' म्हणते."

एकदा दुपारी एक गिऱ्हाईक मिक्सिंग झालेली कॅसेट पाहायला आलं. बाबांच्या ओळखीचे गृहस्थ होते. बाबांनाही सोबत घेऊन आले होते. मी कॅसेट लावली. अंतरपाट धरलेला, पाहुणे अक्षता घेऊन उभे, आणि माईकसमोर फेटा बांधलेले बाबा. त्यांचं तोंड हलत होतं, मान डोलत होती, डावा हात नेहमीसारखा छातीशी होता. आणि वरून सनई वाजत होती. बाजारात तयार मिळायची ती सनई. आम्ही सगळ्याच लग्नांना तीच लावायचो.

बाबा थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "माहा आवाज कुठं गेला वं?"

ते गृहस्थ हसले. दादा पुढच्या खोलीत होते. मी गडबडले. 'आम्ही सगळ्यांचाच काढतो, कोणी ऐकत नाही' हे बाबांना चारचौघांत कसं सांगायचं, ते मला सुचेना. म्हणून तोंडाला आलं ते बोलून गेले.

"बाबा, तुमचा आवाज फाटून राह्यला होता माईकवर. म्हणून काढावा लागला."

त्यांचा आवाज फाटत नव्हता. फाटतो की नाही हे मला ठाऊक असायचंही कारण नव्हतं, कारण मी तो ऐकलाच नव्हता.

"असं होय," बाबा म्हणाले. "मंग सांगाचं ना बेटा आधी. मी माईकच्या लयच जवळ राह्यतो."

त्यानंतरच्या लग्नांत ते माईकपासून हात-दीड हात मागे उभे राहू लागले. हे मला आईकडून कळलं. देवळीच्या एका लग्नात मागच्या लोकांनी ओरडून सांगितलं, काका आवाज येत नाही, पुढं या. बाबा पुढे गेले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "कॅमेऱ्यात फाटते म्हणते पोरगी. तिचं काम काऊन बिघडवाचं?" आईने हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. आज ना उद्या खरं काय ते सांगून टाकू, असं मनात आलं आणि राहून गेलं. एवढी काही मोठी गोष्ट नव्हती ती.

त्याच्या पुढच्या वर्षी लग्नांचा सीझन संपला आणि बाबांचा घसा बसला. दर उन्हाळ्यात बसायचाच, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. पावसाळा सरला तरी आवाज काही आला नाही. बाबा तरुणपणी बिडी ओढायचे आणि बिडी सुटल्यापासून खर्रा, सुपारी-तंबाखू घोटून केलेला. दुकानाच्या गल्ल्याशेजारी खर्र्याची पन्नी नाही असा दिवस मी पाहिलेला नव्हता. दिवाळीपर्यंत त्यांचा आवाज म्हणजे हवा भरताना गळका पंप करतो तशी नुसती फसफस झाला. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, जरा जोरानं बोला." मग आई दुकानात जाऊन बसू लागली.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे आठ दिवस तपासण्या झाल्या. मग एका तरुण डॉक्टरने आम्हाला तिघांना समोर बसवून कागदावर गळ्याचं चित्र काढलं. एका भागाभोवती गोल केला आणि म्हणाला, हे सगळं काढावं लागेल. स्वरयंत्र. जीव वाचेल, पण बोलता येणार नाही. श्वाससुद्धा नाकातून नाही, गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यावा लागेल.

बाबांनी त्या चित्राकडे पाहिलं आणि फसफसत विचारलं, "अजिबात नाई?"

"अजिबात नाही, काका."

ऑपरेशन पंधरा दिवसांनी होतं. त्या पंधरा दिवसांत मी काय केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. स्टुडिओत तीन कॅमेरे होते. मी मागितला असता तर दादांनी लगेच दिला असता. पण तेव्हा बाबांकडे आवाज उरलाच कुठे होता? टिपून ठेवण्यासारखं जे होतं ते आधीच्या वर्षांत होतं, आणि ती सगळी वर्षं मी कॉम्प्युटरसमोर बसून होते.

ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर जाळीचं पांढरं फडकं बांधून. शिंक आली तर ती गळ्यातून यायची. फोडणीचा वास येईनासा झाला. हसायचे तेव्हा खांदे हलायचे, बाकी काही नाही. दवाखान्यात अन्ननळीतून हवा काढून बोलायला शिकवतात. चार दिवस त्यांनी प्रयत्न केला. ढेकरासारखा एक आवाज निघायचा. तो ऐकून शेजारचं लहान पोर घाबरलं, तेव्हापासून त्यांनी ते सोडलं. मी पाटी आणली, तर खडूची धूळ गळ्यात जाईल म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं. मग दोनशे पानांची वही आणि पेन्सिल.

आईचं शिक्षण चौथीपर्यंत. बाबांचं घाईतलं अक्षर तिला लागेना. ती वही डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लावत बसे, तोवर बाबांचा धीर सुटे. पेन्सिल आपटायचे. ताट सरकवून उठायचे. आवाज चढवता येत नाही म्हणून चेहराच इतका चढायचा की पाहवत नसे. आई कधी उलटून बोलली नाही. पुढे पुढे बाबा तिच्यासाठी मोठाल्या अक्षरांत, सुटं सुटं लिहू लागले, पहिलीच्या पुस्तकात असतं तसं. 'भा जी त मी ठ ना ही.'

एक दिवस मी कामावर निघाले असताना आईने दारात मला थांबवलं. बाबा आत झोपले होते तरी ती हळूच म्हणाली, "तुह्या त्या कंपुटरात तुह्या बाबाचा आवाज असन ना गं एखांदा?"

"पाह्यतो," मी म्हटलं.

"इतक्या लग्नाईत म्हटलं त्यायनं. एखांदा तं असन."

मी स्टुडिओत जाऊन कपाटं उघडली. दादांनाही सांगितलं. त्यांना आधी कळेना मी काय शोधते आहे. कळलं तेव्हा ते खुर्चीत बसून राहिले. मिक्सिंग झाल्यावर कॉम्प्युटरमधलं सगळं पुसावं लागायचं, नाहीतर पुढच्या लग्नाला जागा नसायची. आणि मूळ कॅसेटींवर आम्ही पुन्हा पुन्हा शूटिंग करायचो, चार-चार, पाच-पाच लग्नं एकावर एक. जी तयार कामं जपून ठेवली होती त्यांतल्या बऱ्याच लग्नांत बाबा होते. वेगवेगळ्या फेट्यांतले बाबा. मी बारा लग्नं लावून पाहिली. बाराही ठिकाणी सनई.

दोन दिवसांनी दादांनाच आठवलं. नाचणगावच्या एका मुलाचं लग्न केळझरला झालं होतं. वरात इकडून गेली होती, बाबाही गेले होते. लग्न लागलं, शूटिंग झालं, पण मिक्सिंगला घेण्याआधीच मुलाकडून निरोप आला की थांबा. तीन महिन्यांत मुलगी माहेरी परत गेली होती. त्यानंतर कॅसेट मागायला ना मुलाकडचं कोणी आलं, ना मुलीकडचं. दादांनी एकदा फोन केला तेव्हा मुलाचा भाऊ म्हणाला, "नाई लागत आमाले, फेकून द्या." मोडलेल्या लग्नाच्या कॅसेटीवर दुसरं लग्न घ्यायचं दादांच्या मनाला येईना. ती खालच्या खणात लग्नपत्रिकेसकट तशीच पडून होती.

मी कॅसेट उतरवायला घेतली. तेव्हा भारनियमन दिवसातून दोनदा असायचं, आणि आमची बॅटरी दहा मिनिटांपलीकडे टिकत नसे. पहिल्यांदा अर्ध्यात लाईट गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी दादांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या जनरेटरवरून वायर ओढून आणली. संध्याकाळी चारच्या सुमाराला अंतरपाट पडद्यावर आला.

बाबांचा आवाज होता. लांबून येत होता. जनरेटरच्या धडधडीखाली, विहिरीच्या तळातून यावा तसा. मी आवाज वाढवला तर जनरेटरच वाढला. मग मी चित्राकडे पाहिलं. बाबा माईकपासून दीड हात मागे उभे होते.

दादा माझ्या मागे होते. म्हणाले, "काका इतके दूर काऊन उभे हाय? असे नसते राह्यत ते."

मी अष्टकं मोजत राहिले.

तीन अष्टकं होती. तिसरं त्या लग्नासाठी बांधलेलं. त्यात मुलीचं नाव तीनदा येत होतं. पुढे टाळ्या, वाजंत्री, आणि मग एक तिरपं चित्र: कॅमेरावाला कॅमेरा बंद करायचं विसरून तो मांडीवर ठेवून बसला होता. खुर्च्यांचे पाय तेवढे दिसत होते. आणि अगदी जवळून, स्वच्छ, बाबांचा आवाज आला. वाढप्याला सांगत होते.

"अरे, या कॅमेरावाल्याईले वाढा ना आधी. सकाळपासून उभे हाय बिचारे. माह्या पोरीच्या दुकानचे माणसं हाय ते. बुंदी आण इकडं."

एवढंच. मग कोणीतरी खुर्ची ओढली आणि कॅमेरा बंद झाला.

दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खोलीत निघून गेले. मी निळ्या आणि हिरव्या पट्ट्या सोडवल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच निळी उडवली आणि हिरवी ठेवली. जनरेटर जमेल तितका कमी केला. बाबांचा आवाज त्यामुळे थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला, पण शब्द लागू लागले. त्याची सीडी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी ती घरी लावली. बाबा खाटेवर होते, आई उंबऱ्याशी बसली होती. पहिलं अष्टक सुरू झालं तशी आईने पदर तोंडात घेतला. बाबा ताठ बसले. त्यांचे ओठ हलू लागले, डावा हात छातीशी गेला. गळ्यावरचं फडकं आत-बाहेर होत होतं. दुसऱ्या अष्टकाला त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, बरं केलं आपण.

तिसरं सुरू झालं आणि मुलीचं नाव आलं. बाबांनी डोळे उघडले. हाताने खूण केली, बंद कर. मी बंद केलं. त्यांनी वही ओढली.

'केळझरची ना?'

"हाव," मी म्हटलं.

'ती पोरगी कुठं आहे आता?'

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. त्यांनी लिहिलं, 'पाहून ये. मी म्हटलेलं फळलं नाही.'

"त्यात तुमचा काय दोष, बाबा?"

त्यांनी वही मांडीवर घेतली. 'पाहून ये' हे शब्द पेन्सिलीने पुन्हा गिरवले.

पुढच्या रविवारी मी वर्ध्याहून केळझरची बस धरली. पत्रिकेवर पत्ता होता. फाट्यावर उतरून विचारत गेले. घर शेतकऱ्याचं, चांगलं, सारवलेलं. अंगणात तुरीच्या काड्या रचलेल्या. मुलगी ओसरीत शिलाई मशीनवर बसली होती. पडद्यावर मी तिला तास-दीड तास पाहिलेलं होतं. हळद लावलेली, मुंडावळ्या बांधलेली, हसताना हात तोंडावर नेणारी. मशीनवरची बाई तीच होती, पण दहा वर्षांनी मोठी वाटत होती. तिला मी कोण ते सांगितलं आणि कशासाठी आले तेही सांगितलं. बाबांच्या गळ्याचं सांगितलं. ती मशीनचं चाक धरून ऐकत राहिली.

"तुमचे बाबा," ती म्हणाली, "ते फेटेवाले काका? जेवताना आले होते माह्याजवळ. म्हणे, तुहं नाव बसवाले मले दोन दिवस लागले बाई." ती किंचित हसली. मग विचारलं, "ते कॅसेट अजून हाय म्हणजे?"

"हाय."

"कोणी पाह्यली?"

"मी आणि आमच्या मालकांनी. दुसऱ्या कोणी नाई."

ती उठून आत गेली. तिची आई पाणी घेऊन आली, माझ्याकडे संशयाने पाहत परत गेली. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं.

"ते मले द्या," ती म्हणाली. "जाळून टाकीन मी. त्या माणसाच्या बाजूले उभं असलेलं माहं चित्र कुठी राह्यलं नाई पायजे."

"देतो. पण त्यातला आवाज..."

"आवाज तुमचा हाय ना, तुमच्या बाबाचा. तो ठेवा तुमी." मग ती म्हणाली, "फक्त माहं नाव काढा त्यातून. जमते का तसं?"

"जमते."

"मंग काढा. त्याच्या नावाले लागून येते ते. मले नाई पायजे."

मी निघाले तेव्हा तिने विचारलं, "आता काका बोलतच नाई काय? अजिबात?" मी मान हलवली. "मंग रागावले तं कसे करत असन," ती म्हणाली, आणि परत मशीनवर जाऊन बसली.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. मुलगी शिवणकाम करते, तब्येतीने बरी आहे, तुमची आठवण तिला आहे. नाव काढायला सांगते हेही सांगितलं. बाबांनी लगेच लिहिलं, 'काढ.' मग बऱ्याच वेळाने खाली आणखी एक ओळ लिहिली: 'दोन दिवस लागले होते हे खरं.'

नाव कापणं सोपं होतं. पण कापलं की तिथे अगदी काहीच उरत नाही, जनरेटरसुद्धा नाही, आणि कान दचकतो. दोन्ही बाजू ओढून चिकटवल्या तर चाल मोडते. शेवटी मी त्याच लग्नातला, कोणी बोलत नसतानाचा जनरेटरचा तुकडा घेतला आणि तिन्ही जागी भरला. नवऱ्याचं नाव दोनदा होतं, तेही तसंच काढलं. आता तिसऱ्या अष्टकात बाबा गाता गाता थांबतात, जनरेटर वाजतो, आणि बाबा पुढे सुरू करतात. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, श्वास घेतला असेल. कॅसेट मी पोस्टाने पाठवली नाही. पुन्हा केळझरला जाऊन तिच्या हातात दिली.

बाबांनी ती दुरुस्त केलेली सीडी एकदाही लावू दिली नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. मला त्यांना माईकचं खरं सांगायचं होतं. तुमचा आवाज कधी फाटत नव्हता, मी खोटं बोलले होते, एवढंच. एका दुपारी मी त्यासाठीच त्यांच्या खाटेशी जाऊन बसले. त्यांनी वहीत लिहिलं, 'काय?' मी म्हटलं, "काही नाई, चहा ठेवू काय?" नंतर वाटलं, आता सांगून काय होणार, उगाच त्यांच्या जिवाला लागेल. हे कारण मला तेव्हा पटलं होतं.

पुढच्या होळीच्या आधी गाठ परत आली, या वेळी मानेत. दवाखान्याने काही करण्यासारखं नाही म्हणून घरी पाठवलं. बाबा चैत्रात गेले. ऐन लग्नसराई होती. तिरडी निघाली त्या दिवशी गावात दोन वराती होत्या आणि आम्हाला वळसा घेऊन जावं लागलं. तेराव्यानंतर मी कामावर गेले. समोर चार लग्नांच्या कॅसेटी होत्या. सीझन संपेपर्यंत मी ते काम केलं, दादांनी सांगितलं तसंच केलं. लोकांनी गाण्यांच्या याद्या दिल्या होत्या. मग सोडलं. दादांना कारण विचारावं लागलं नाही.

बाबा गेल्यावर आई मात्र सीडी ऐकायची. मंगलाष्टकं नाही. ती म्हणायची, "ते राहू दे, ते लोकाईचं हाय. जेवनाचं लाव." मग मी बुंदीपर्यंत पुढे नेऊन द्यायचे. दहा-बारा सेकंदांचं ते बोलणं ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची आणि आत जायची. रोज दुपारी, ताटं वाढण्याआधी. असं साताठ महिने चाललं.

एका दुपारी तिने लावायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं विसरली असेल, म्हणून मीच विचारलं, "लावू काय, आई?"

ती रात्रीसाठी वांगी चिरत होती. "नको," म्हणाली. "काल लावलं नाई तं मले वाटलं आता रडू येईन. नाई आलं." मग विळीवरून नजर न उचलता म्हणाली, "तू जेवून घे."

मी ताट घेतलं आणि तिच्या समोर बसले. तिनेही विळी मिटून ताट घेतलं आणि आम्ही दोघी जेवलो.